सोमवारी बंद पडणारी गाडी

क्रेनच्या हुकावरून गाडी खाली उतरली. इद्रीस परकारने आत बसून किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

"बघितलंत?" क्षिप्रा कर्णिक कमरेवर हात ठेवून म्हणाली. "सकाळी नेरुळला तासभर प्रयत्न केला, ढिम्म हलली नाही. समोरचे सगळे दिवे लागलेले. इथे पावण्यापर्यंत ओढत आणली, तर आता ही शहाण्यासारखी सुरू होते. बँकेत माझं कोणी खरंच मानत नाही."

"मी मानतो," इद्रीस म्हणाला.

क्षिप्राने कमरेवरचे हात खाली घेतले. गेल्या पाच महिन्यांत तिला असं म्हणणारा हा पहिलाच मेकॅनिक होता. पहिल्या गॅरेजवाल्याने दोनदा बॅटरी बदलली होती. दुसऱ्याने आधी, 'मॅडम, किल्ली नीट फिरवत नसाल,' असं सुनावलं आणि मग पाच कंट्रोल बॉक्स जर्मनीहून मागवायला सांगितलं.

गाडी तिच्या वडिलांची. जयप्रकाश कर्णिक सिंगापूरला जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनियर होते. निवृत्त होऊन सत्त्याण्णव साली नेरुळच्या फ्लॅटमध्ये राहायला आले तेव्हा ही राखाडी रंगाची जर्मन गाडी त्यांनी हौसेने बरोबर आणली. वर्षभरसुद्धा चालवली नाही. अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलमध्ये हृदयविकाराने गेले. तेव्हापासून क्षिप्रा ती घेऊन वाशीला बँकेत जायची.

"मला ही विकायची आहे," ती म्हणाली. "पनवेलचे एकजण घ्यायला तयार आहेत. पण अशी फसवून कशी देणार?"

इद्रीसने मान हलवली. पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा माणूस. म्हसळ्याचा. बारा वर्षं कुवेतला मोठ्या वर्कशॉपमध्ये ऑटो इलेक्ट्रिशियन होता. नव्वदच्या युद्धात एका बॅगेनिशी परत आला आणि पावण्याच्या एमआयडीसीत केमिकल कंपनीच्या भिंतीला लागून ही शेड घेतली. इथे टेम्पोचे डायनामो आणि ट्रकचे हेडलाइट यायचे. अशी गाडी क्वचित. पण कुवेतचा त्याचा दोस्त नौमान नव्या गाड्यांच्या मॅन्युअलची पानं झेरॉक्स करून पोस्टाने पाठवायचा, आणि इद्रीस ती डिक्शनरी शेजारी ठेवून वाचायचा.

त्याने बॅटरीचा टर्मिनल सुटा केला, पायाकडचं कव्हर उघडलं आणि एकमेकींना पीळ घातलेल्या दोन बारीक वायरी बाहेर काढल्या.

"जुन्या गाडीत दिव्याला वेगळी वायर, हॉर्नला वेगळी. हिच्यात तसं नाय. हिच्यात पंधरा-सोळा छोटे कॉम्प्युटर आहेत. दारात एक, सीटखाली एक, इंजिनला एक. सगळे ह्या दोन वायरींवरून एकमेकांना निरोप देतात. किल्लीवाला इंजिनवाल्याला सांगतो, किल्ली घरचीच आहे, चालू हो. ह्या दोघी कुठे एकमेकींना चिकटल्या की सगळ्यांचेच निरोप बंद. मग इंजिनला परवानगी मिळत नाय."

"मग चिकटल्यात का?"

त्याने मीटर लावून तिला दाखवला. काटा साठावर थांबला होता. "आता नाय. साठ ओहम म्हणजे तब्येत बरी. चिकटल्या की काटा शून्यावर जातो. पण तुमची गाडी क्रेनवर हिंदकळत येते आणि इथे येईपर्यंत त्या सुट्या होत असणार. आजारी असताना मला ती बगायला मिळत नाय. बंद कधी पडते, काही लिहून ठेवलंय?"

क्षिप्राने पर्समधून डायरी काढली. बँकेतली माणसं, सगळं लिहून ठेवलेलं. पाच तारखा सोमवारच्या आणि एक गुरुवारची.

"गुरुवार, एकवीस जानेवारी," इद्रीसने वाचलं. "आदल्या दिवशी ईद होती."

"हो, बँकेला सुट्टी. म्हणूनच ते पहिले गॅरेजवाले बॅटरी म्हणत होते. गाडी दिवसभर उभी राहते ना सुट्टीला."

"दिवाळीला किती दिवस उभी होती?"

"चार दिवस." ती बोलता बोलता थांबली. "आणि पाचव्या दिवशी लगेच सुरू झाली."

"मग बॅटरी नाय," इद्रीस म्हणाला. "आता एक करा. पुन्हा बंद पडली की हात लावू नका, ढकलू नका, क्रेन बोलवू नका. फक्त मला फोन करा."

फोन तिसऱ्या सोमवारी सकाळी आठला आला. इद्रीसने नुकताच चहा घेतला होता. कोपरखैरण्याहून स्कूटरने तो अर्ध्या तासात नेरुळला पोचला. सारसोळे गावाच्या अलीकडची ती सोसायटी होती, खाडीवरून वाळत घातलेल्या सुकटीचा वास येत होता. गाडीजवळ क्षिप्रा उभी होती, आणि तिच्या शेजारी साठीच्या एक बाई, सुती साडीतल्या, हातात पाण्याचा तांब्या-भांडं घेऊन.

"ही माझी आई," क्षिप्रा म्हणाली.

"लांबून आलात, पाणी घ्या आधी," सरोजिनीबाई म्हणाल्या.

पाणी पिऊन इद्रीस कामाला लागला. टर्मिनल सुटा केला, दोन वायरींना मीटर लावला. काटा सरळ शून्यावर पडला. त्याला मनातून आनंद झाला, पण तो चेहऱ्यावर दाखवण्यासारखा नव्हता. त्याने मीटर तसाच लावून क्षिप्राच्या हातात दिला. "नजर काट्यावर ठेवा, आणि हलला की ओरडा."

मग तो एकेक भाग हलवत गेला. डॅशबोर्डखालची वायरिंग हलवली. काही नाही. दारातली रबराची नळी वाकवली. काही नाही. मागची सीट दाबली. शेवटी ड्रायव्हरची सीट दोन्ही हातांनी धरून त्याने एक गचका दिला.

"साठ!" क्षिप्रा ओरडली. "साठवर आला!"

टर्मिनल जोडून किल्ली फिरवली तर गाडी सुरू. म्हणजे दुखणं ह्याच सीटखाली होतं. इद्रीस जमिनीवर गुडघे टेकून टॉर्चने खाली बघू लागला. सीट बरीच पुढे होती. क्षिप्रा उंचीने कमी. दिसत होती तेवढी वायरिंग चांगली होती. मात्र मागच्या बाजूला ती कार्पेटखाली जाऊन दिसेनाशी होत होती. आणि त्याला आणखी एक गोष्ट दिसली. सीट ज्या लोखंडी रुळांवरून सरकते, त्यांवरच्या जुन्या ग्रीसवर धूळ बसायला हवी होती. ती नव्हती. मागच्या टोकापर्यंत रूळ ताजे, चकचकीत होते.

"मॅडम, ही सीट पूर्ण मागे कोण घेतं?"

"कोणीच नाही. मीच चालवते. सीटची जागा बटणाला लक्षात राहते. माझी दोन नंबरच्या बटणावर सेट आहे, ती कायम तिथेच असते."

"दुसरं कोणी उंच माणूस बसतं?"

"नाही हो. आणि आईला तर गाडी येतच नाही."

इद्रीसने वर बघितलं. सरोजिनीबाई गाडीकडे बघत नव्हत्या. तांब्याच्या काठावरून त्या अंगठा फिरवत होत्या आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

गाडी बंद पडायची ती सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी. दिवाळी सोडून.

"दिवाळीला घरीच होतात का सगळे?" त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मी होते. आई मावशीकडे गेली होती पुण्याला. का?"

"काय नाय." तो उठला आणि गुडघे झटकले. "गाडी दोन दिवस माझ्याकडे ठेवा. सीट खोलावी लागेल. दोष सापडलाय, आता फक्त गाठायचा राहिलाय."

त्याच दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीचा भोंगा होऊन गेल्यावर, शेडसमोर रिक्षा थांबली. सरोजिनीबाई उतरल्या. एमआयडीसीत त्या बहुतेक पहिल्यांदाच येत होत्या. नाकाला पदर लावून, ट्रक चुकवत आल्या. इद्रीसने स्टूल फडक्याने पुसून पुढे केलं.

"इद्रीसभाई, तुम्हाला कळलंय ना?" त्या बसल्याबरोबर म्हणाल्या.

"काय ते नाय कळलं, ताई. एवढंच कळलं, की गाडीत तुमी बसता."

सरोजिनीबाईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली.

"क्षिप्रा रविवारी दुपारी झोपते. आठवडाभर दमलेली असते. मी किल्ली घेऊन खाली जाते. शेजारच्या सीटवर बसते, माझ्या नेहमीच्या. आणि तिथून हात लांब करून एक नंबरचं बटण दाबते." त्या जरा थांबल्या. "ह्यांचं बटण. सीट हळूहळू मागे जाते, थोडी खाली होते, पाठ कलते. आरसासुद्धा वर होतो. ते बसायचे तसं सगळं होतं. मी काही करत नाही तिथे. बसते. आठवड्यात काय झालं ते सांगते. पंधरा-वीस मिनिटं. मग दोन नंबर दाबून वर येते, चहाच्या वेळेला."

इद्रीसने हातातलं फडकं बाजूला ठेवलं.

"मला वाटायचं, सीट परत जागेवर आली म्हणजे झालं. माझ्यामुळे पोरगी सात वेळा खोळंबली आणि मला पत्ता नाही. आणि आज तुम्ही विचारलंत तेव्हाही तोंडातून शब्द फुटला नाही. साठीची बाई, पोरीसमोर काय सांगणार?"

"ताई, सीट मागे घेणं हा गुन्हा नाय. सीट मागे जायलाच बनवलीय. त्या वायरी तिथे असायला नको होत्या." त्याने टॉर्च उचलला. "या, दाखवतो."

सकाळीच त्याने मागचं कार्पेट वर केलं होतं. सरोजिनीबाईंनी वाकून बघितलं. सिंगापूरहून आल्यावर जयप्रकाशरावांनी एका दुकानातून सीटला नवी कव्हरं शिवून घेतली होती. त्या कारागिराने सीट काढून परत बसवताना वायरिंगचा पट्टा त्याच्या क्लिपमध्ये न अडकवता तसाच सोडला होता. सीट पूर्ण मागे गेली की रुळाचं टोक पट्ट्यावर येऊन बसायचं. दाबून दाबून आतल्या दोन वायरींचं कव्हर सोलवटलं होतं. सीट पुढे आली तरी चेपलेल्या वायरी कधीकधी एकमेकींना चिकटून राहायच्या. एखाद्या धक्क्याने सुटायच्या.

"साहेब स्वतः चालवत होते तेव्हा सीट एकदा मागे गेली की तिथेच असायची. रोज पुढे-मागे होत नव्हती, म्हणून तेव्हा कधी त्रास झाला नाय."

"मग आता तो सीटखालचा कॉम्प्युटरचा डबा बदलणार?" सरोजिनीबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "ते आधीचे गॅरेजवाले म्हणत होते, डबा बदलायचा. नवीन डब्यात ह्यांचं... ते राहील का?"

आता इद्रीसला त्या एवढ्या उन्हात रिक्षा करून का आल्या ते नीट समजलं.

"डबा चांगला आहे. मी त्याला हात लावणार नाय. दोनदा बॅटरी बदलली तरी तो विसरला नाय, म्हणजे त्यात पक्कं लिहिलेलं असणार." तो जरा घुटमळला. खोटा दिलासा द्यायची त्याला सवय नव्हती. "पण सीट काढायला त्याचा प्लग सोडावा लागेल. मी ह्या मॉडेलची सीट आजपर्यंत काढलेली नाय. विसरणार नाय असं वाटतं. शपथेवर सांगू शकत नाय."

सरोजिनीबाईंनी सीटकडे बघितलं.

"म्हणून आपण आधी माप घेऊ," इद्रीस म्हणाला. "मग तो विसरला तरी आपल्याकडे असेल. पुन्हा शिकवू त्याला."

त्याने वायरिंगचा पट्टा सुतळीने बाजूला ओढून बांधला, किल्ली फिरवली आणि बाजूला झाला. "तुमी दाबा."

सरोजिनीबाई नेहमीप्रमाणे डावीकडून आत बसल्या आणि हात लांब करून त्यांनी एक नंबर दाबला. मोटरीचा बारीक आवाज करत सीट मागे गेली, खाली बसली, पाठ कलली. वरचा आरसा आपोआप फिरला. परक्या शेडमध्ये, ग्रीसच्या वासात, त्या रिकाम्या सीटकडे बघून त्यांना पदर डोळ्यांना लावावा लागला. इद्रीस टेप शोधायच्या निमित्ताने कपाटाकडे गेला आणि बराच वेळ शोधत राहिला.

मग दोघांनी मापं घेतली. टेपचं एक टोक सरोजिनीबाईंनी धरायचं, दुसरं इद्रीसने. ब्रेकच्या पेडलपासून सीटच्या काठापर्यंत. जमिनीपासून काठाची उंची. छतापासून डोकं टेकायच्या उशीपर्यंत. पाठीचा कल मोजायला त्याने ओळंबा लावला. आकडे तो हिशेबाच्या कागदावर नाही, नव्या कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहीत होता.

"पाठ एवढी का कलती ठेवायचे?" त्याने विचारलं.

"कंबर दुखायची. यार्डात वाकून वाकून. सरळ बसलं की अर्ध्या तासात कण्हायचे, आणि मी काही बोलले की म्हणायचे, गाडीचा आवाज आहे तो." त्या हसल्या.

"आणि आरसा एवढा वर?"

"उंची. सहा फूट. सिनेमाला गेलो की मागचे लोक ओरडायचे."

शेवटचं माप लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं, "क्षिप्राला सांगणार तुम्ही?"

"वायर कुठे चेपली ते सांगावं लागेल. सीट कोणी मागे घेतली ते मला ठाऊक नाय," इद्रीस म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने टेम्पोची कामं बाजूला ठेवली. प्लग सोडायच्या आधी तोंडातल्या तोंडात बिस्मिल्ला म्हटलं, सीटचे चार बोल्ट खोलले आणि एकट्याने ती वजनदार सीट उचलून जुन्या गोधडीवर ठेवली. सोलवटलेला तुकडा कापून काढला. नवीन वायर जोडून सोल्डर केली, प्रत्येकीवर वेगळी स्लीव्ह चढवली. मग दोघींना हाताने पुन्हा पीळ घातला, मूळचा होता तेवढाच, सेंटिमीटर मोजून. नौमानने पाठवलेल्या पानावर ते ठळक अक्षरात होतं: पीळ सुटला तर बाहेरचा गोंगाट आत शिरतो आणि निरोप बिघडतात. पट्टा त्याच्या क्लिपमध्ये बसवला, रुळापासून चार बोटं लांब. संध्याकाळी नूरजहाँ, त्याची बायको, जेवणाचा डबा उघडून बघते तर भाकरी तशीच.

"आज उपास होता काय?" तिने विचारलं.

"विसरलो."

सीट जागेवर बसवून, प्लग लावून त्याने मीटर लावला होता. साठ. पण एक नंबरचं बटण त्याने दाबून पाहिलं नव्हतं. एकट्याने ते दाबावं असं त्याला वाटलं नाही.

बुधवारी संध्याकाळी क्षिप्रा बँकेतून आली. तिच्याबरोबर सरोजिनीबाई होत्या. इद्रीसने कापलेला वायरीचा तुकडा क्षिप्राच्या तळहातावर ठेवला आणि सगळं समजावलं.

"म्हणजे सीट मागे जाते तेव्हाच," ती विचार करत म्हणाली. "पण मी तर कधीच..."

"मी घेते मागे," सरोजिनीबाई म्हणाल्या.

क्षिप्राने वळून बघितलं.

"रविवारी तू झोपलीस की मी खाली येते. बाबांची सीट लावून बसते." एका दमात सांगून त्या मोकळ्या झाल्या. "तुला त्रास व्हावा म्हणून नाही गं. मला खरंच माहीत नव्हतं."

क्षिप्राने गाडीकडे बघितलं. "बाबांची सीट म्हणजे?"

तिला माहीतच नव्हतं. गाडी हातात आली तेव्हा दोन नंबरवर तिने स्वतःची सीट लावून घेतली होती, आणि एक नंबरवर काय आहे ते कधी बघितलं नव्हतं.

"तपासायचं राहिलंय," इद्रीस म्हणाला. "ताई, तुमी या."

सरोजिनीबाई डावीकडून बसल्या. बटणाजवळ गेलेलं त्यांचं बोट थबकलं. इद्रीसने खिशातल्या वहीवर हात ठेवला. मग त्यांनी बटण दाबलं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग मोटर कुरकुरली आणि सीट मागे सरकू लागली. मागे, आणखी मागे, मग खाली. पाठ कलली, आरसा वर झाला. इद्रीसने टेप लावून पेडलपासूनचं अंतर मोजलं आणि वही उघडली. "मिलिमीटरचा फरक नाय," तो म्हणाला आणि वही मिटली.

क्षिप्रा उजव्या दारातून आत शिरली आणि त्या सीटवर बसली. तिचे पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते. आरशात तिला रस्त्याऐवजी छत दिसत होतं. तिने डोकं मागे टेकवलं आणि ती रडायला लागली, दहा महिन्यांत आईसमोर पहिल्यांदाच. सरोजिनीबाईंनी काही समजूत घातली नाही. तिचा हात मांडीवर घेऊन बसून राहिल्या. इद्रीस बाहेर जाऊन स्कूटरचा स्पार्क प्लग उगाचच पुसत बसला.

बऱ्याच वेळाने काच खाली झाली.

"पनवेलवाल्यांना मी नाही म्हणून कळवते," क्षिप्रा नाक पुसत म्हणाली. "बाबांची सीट कितीही वेळा मागे घेतली तर चालेल ना आता?"

"दिवसातून दहा वेळा घ्या."

ती आईकडे वळली. "रविवारी मला उठवत जा. मी पण येईन खाली."

सरोजिनीबाईंनी थोडा विचार केला.

"कधीतरी ये," त्या म्हणाल्या. "दरवेळी नको. मला त्यांच्याशी बोलायचं असतं."

क्षिप्रा रडता रडता हसली. तिने दोन नंबर दाबला, सीट तिला घेऊन पुढे आली, आणि इद्रीसने शेडचं फाटक पूर्ण उघडून त्यांना वाट करून दिली.